वझं कुन्या अंगाला हाय?

डिसेंबर, बारा तारीख, गुरुवार. सकाळचे साडेदहा. हजर: मी, म्हणजे प्रसूतिगृहाची इन्चार्ज सिस्टर, एएनएम सुनंदा, औषधनिर्माते शेखभाऊ, टेम्पोबरोबर आलेले दोन हमाल, आणि कामावर येऊन तिसराच दिवस झालेल्या परिचर कलाबाई. गैरहजर: डॉक्टर मॅडम, तालुक्याला मीटिंगसाठी. विषय: प्रसूतीचं नवं टेबल.

माझ्या वहीत दोन वर्षांपूर्वीची ही नोंद अशीच आहे. नोकरीला लागल्यापासून मी रोजची वही ठेवते. आमचं आरोग्य केंद्र देवळाली प्रवराच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात. हंगामात आसपास ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडतात आणि आमच्याकडे बाळंतपणं वाढतात. म्हणून नव्या टेबलासाठी मी तीन वर्षं पत्रं लिहिली होती. डोक्याकडचा भाग वरखाली होणारं, पाय ठेवायला दोन्हीकडे आधार असलेलं, चढायला वेगळी पायरी. ते आलं आणि दारात अडकलं.

हमालांनी सरळ ढकललं. मग जोर लावून ढकललं. मग मागे नेऊन पळत आणलं, तेव्हा चौकटीचा टवका उडाला. शेखभाऊ म्हणाले, "चौकटच काढावी लागेल. गवंडी बोलावतो." मी वहीत लिहिलं: गवंडी. तेवढ्यात कोपऱ्यात फरशी पुसत बसलेल्या कलाबाई उठल्या, पदर कमरेला खोचला आणि टेबलाभोवती एक फेरी मारली.

"वझं कुन्या अंगाला हाय ह्याचं?"

"काय?" हमाल म्हणाला.

"जड कुन्या बाजूला हाय? डोक्याकडं का पायाकडं?"

"डोक्याकडं."

"मग ते आधी जाऊ द्या की. कुशीवर घ्या त्याला. आता एक पाय आत. थांब बाबा, ढकलू नको. फिरव. आनखी. आता खालचा पाय. आता सोडा, जाईल त्याचं त्ये."

टेबल आत गेलं. हमाल हसून म्हणाला, "मावशी, आमच्या टेम्पोवर या कामाला."

"तुझ्या टेम्पोत काय हाय रं? वीस वर्सं ट्रॉल्या भरल्यात म्या, डोक्यावर मोळी घेऊन," असं म्हणून त्या परत फरशी पुसायला बसल्या.

मी वहीतला गवंडी खोडला. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण दिवसभर जो तो टेबल कलाबाईंनी कसं आत घातलं तेच सांगत होता. तीन वर्षांची पत्रं कुणाच्या तोंडात नव्हती. मला त्या बाईचा हेवा वाटायला लागला तो त्या दिवसापासून. तिची ओळख होऊन तीनच दिवस झाले होते.

कलाबाई कर्जतच्याही पलीकडच्या एका कोरड्या गावच्या. सातवी शिकलेल्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर दर दिवाळीला टोळीतून इकडे यायच्या आणि उन्हाळ्यात परत जायच्या. तो तोडायचा, ह्या मोळ्या बांधून ट्रॉलीवर चढवायच्या. नवऱ्याची कंबर गेली तेव्हा इथेच एक खोली घेतली आणि आमच्याकडे कंत्राटावर लागल्या. ठेंगण्या, आवाज मोठा, मिसरी लावलेले दात, आणि पावलं अशी रुंद की बोटं एकमेकांना शिवायची नाहीत. जयंतीच्या दिवशी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून यायच्या आणि सगळ्यांना दोन वेळा वाटून उरेल इतकी खीर आणायच्या.

त्या कुठल्याही वस्तूकडे बघताना आधी तिचं वजन कुठे आहे ते बघायच्या. ऑक्सिजनचा सिलिंडर दोन पुरुष मिळून ओढत, ह्या तो तिरपा करून कडेवर गोल गोल फिरवत एकट्या नेत. पाण्याची एक भरलेली बादली कधी उचलली नाही, दोन अर्ध्या उचलल्या. "एक भरल्याली मानसाला वाकडं करती, शिस्टर. दोन अर्ध्या सरळ ठिवतात." एकदा माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "तुमचा डावा खांदा वर गेलाय. पर्स कायम त्याच अंगाला अडकीवता. बदला की." मी घरी आरशात पाहिलं. खांदा खरंच वर होता. तरी पुढचा महिनाभर मी पर्स मुद्दाम डाव्याच खांद्याला लावली.

जानेवारीत टोळीतली मंगल नावाची बाई आली. दुसरी खेप. नव्या टेबलावरची ती पहिल्या काहींपैकी. मी तिला वर झोपवलं, पाय आधारात ठेवले. प्रत्येक कळेला ती उठून खाली उतरायची. मी परत वर चढवायची. चौथ्यांदा मी आवाज चढवला, "मंगल, टेबल कशासाठी आहे? झोप बघू सरळ."

कलाबाई कोपऱ्यात पोछा पिळत होत्या. "शिस्टर, एक इचारू? ह्या टेबलाला दारातनं आनायला आपन चारी बाजूनी फिरीवलं. अन् त्याच्यावर बाईनं मातर हालायचं न्हाई, व्हय?"

सुनंदा फिसकन हसली, मग माझ्याकडे पाहून कापसाचे बोळे मोजायला लागली.

"कलाबाई, तुमचं काम फरशीचं आहे."

"व्हय, व्हय. फरशीवरच घेते मग तिला."

आणि घेतलीच. स्वच्छ चादर अंथरली, मंगलचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि तिच्यासमोर पाय रोवून उभ्या राहिल्या. मंगल उकिडवी बसली तशी तिचा चेहराच सैल झाला. डॉक्टर मॅडम आत आल्या, बाळाचे ठोके ऐकले आणि मला म्हणाल्या, "ठोके छान आहेत, सिस्टर. असंच होऊ द्या." पाव तासात मुलगा झाला, सुनंदाने खाली बसून झेलला. मंगलच्या सासूने कलाबाईंना विचारलं, "बाई, तुमी सुईन का वं?"

"न्हाई गं बाई. मी हमाल. पोर शिस्टर काढतात. मी फकस्त वाट रुंद करते."

यातलं मला काहीच नवीन नव्हतं, हे सांगायला पाहिजे. उताणं झोपवलं की बाईचं माकडहाड टेबलाखाली दाबलं जातं, त्याला मागे सरायला जागा राहत नाही, आणि बाळाला शेवटी चढ चढल्यासारखं वर यावं लागतं. उभं राहिलं, उकिडवं बसलं, कुशीवर घेतलं की हाडं मोकळी होतात. हे मी दोन प्रशिक्षणांत शिकले होते. वेगवेगळ्या स्थितींची चित्रं असलेला तक्ता प्रसूतिगृहात मीच लावला होता, सरळ, पातळी बघून. पण त्या तक्त्यातल्यासारखी एकही बाई मी उभी केली नव्हती. उताणी बाई आम्हाला सोयीची असते. आम्हाला वाकावं लागत नाही, सगळं नीट दिसतं, लिहिता येतं. कलाबाईंनी तक्ता कधी पाहिलाही नसेल. त्यांनी मंगलकडे पाहिलं होतं.

त्या वर्षी तालुक्याच्या मासिक सभेत मला 'प्रसूतीतील स्थिती' या विषयावर बोलायचं होतं. मी चार पानं काढली होती. पेल्व्हिसचं प्लॅस्टिकचं मॉडेल आणि बाहुली न्यायला हाताशी कुणी हवं म्हणून कलाबाईंना बरोबर घेतलं. माझं बोलून झाल्यावर एका नर्सने विचारलं, "पण सिस्टर, गुडघे बाहेर घ्यायचे की आत?" मी पानं चाळायला लागले. तेवढ्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आमच्या मावशींना विचारा."

कलाबाई पुढे आल्या. मॉडेल हातात घेऊन दोन्हीकडून दाबून पाहिलं. "हे हालत न्हाई. बाईचं हालतं. ठिवा ह्ये तिकडं. सगळ्याजनी उभ्या ऱ्हावा. आता ज्या हाडावर आपन बसतो ना, त्याच्याखाली हात घाला. लाजू नका, आपलीच हायेत."

सभागृहातल्या सगळ्या नर्सा हसत हसत उभ्या राहिल्या, आपापल्या बुडाखाली हात धरून.

"आता गुडघं बाहिर करा. बघा, हाडं जवळ आली का न्हाई? आता गुडघं आत, टाचा बाहिर. गेली का लांब? पोर वर हाय तवर गुडघं बाहिर, वरचं दार उघडतं. पोर खाली आलं की गुडघं आत, खालचं दार उघडतं. अन् मधी अडकलं तर एक पाय पायरीवर, एक खाली. आमी मोळी घेऊन ट्रॉलीला लावल्याल्या फळीवर चढायचो ना, तसं. एक अंग वर जातं, दुसरं मोकळं व्हतं, अन् पोर त्या मोकळ्या अंगाला वळतं. माझी दोन उसाच्या फडात झाली, तिसरी टेबलावर. म्हनून दोनी ठावं हाय."

माझ्या हातांखाली माझी हाडं खरोखर जवळ आली आणि लांब गेली. इतकी वर्षं जे मी शिकवत होते ते माझ्याच अंगात आहे हे मला तेव्हा कळलं, आणि मनात पहिली भावना आली ती अशी की माझ्या हाडांनीसुद्धा तिची बाजू घेतली. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "मावशी, कुठे शिकलात हो हे?" "फडात," कलाबाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. परतीच्या जीपमध्ये मॉडेल मी माझ्या मांडीवर घेतलं.

त्यानंतर बायका यायच्या त्या दारातूनच विचारायच्या, "कलामावशी हायेत का आज?" पेढ्यांचा पुडा माझ्या हातात द्यायच्या आणि माझ्या खांद्यावरून आत बघायच्या. मी हसून म्हणायची, "आहेत, आहेत." कलाबाई चहा घेताना नक्कल करायच्या, मी "झोप बघू सरळ" म्हणते ती, अगदी भुवयांसकट, आणि सुनंदा लोळायची. वाईट हेतूने नव्हे. माझ्या समोरच करायच्या. पण त्या नकलेतली बाई मला ओळखू यायची, आणि ती मला आवडत नसे.

आता शोभाचं लिहायचं आहे.

पुढच्या हंगामातला फेब्रुवारी. शोभा अंगाने बारीक, रक्त कमी, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. कळा लांबल्या होत्या. कलाबाईंनी तिला उभं केलं. ही त्यांची चूक होती. शोभाचा चेहरा पांढरा पडला होता, तिला कुशीवर घ्यायला हवं होतं. पण कलाबाईंना आपल्या पद्धतीचा भरवसा जरा जास्तच झाला होता. "आनखी दोन कळा, पोरी. शिस्टर, डाव्या अंगाला तुमी धरा."

मी धरलं. उजवीकडे त्या. शोभा मान त्यांच्या खांद्यावर टाकून म्हणाली, "मावशी, तुमी हायेत म्हनून धीर हाय बघा." दारातून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "शाब्बास, मावशी." मी डावीकडे होते. माझा खांदाही तिथेच होता. मला एकदम आठवलं की ठोक्यांची नोंद राहिली आहे. नोंद दोन मिनिटांनी केली असती तरी चाललं असतं. मी हात सोडला, रजिस्टरकडे वळले आणि लिहिलं: अकरा चाळीस.

शोभा डावीकडेच कोसळली. हनुवटी टेबलाच्या कडेला लागली. दोन टाके पडले. तासाभराने मुलगी झाली, दोघी सुखरूप. शोभाचा नवरा चिडून आत आला तेव्हा कलाबाई पुढे झाल्या. "माझ्या हातनं झालं, दादा." एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयाला कागद दिला. लेखी आदेश नसताना परिचर यांनी अशक्त रुग्णास उभे केले, रुग्ण चक्कर येऊन पडली, हनुवटीस जखम, सबब सदर परिचर यांस प्रसूतिगृहात नेमणूक देऊ नये. त्या कागदात एकही शब्द खोटा नाही. लिहिताना मला बरं वाटत होतं, हेही खरं आहे. डाव्या बाजूला कोण होतं ते मी लिहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. कलाबाईंची ड्युटी ओपीडीत आणि लसीकरणाला लागली. ड्युटीचा तक्ता मीच केला.

माझी मुलगी प्राजक्ता पुण्याहून सातव्या महिन्यात माहेरी आली. तपासणीला केंद्रात यायची तेव्हा तासन् तास कलाबाईंजवळ, लसींचे डबे धुवायच्या नळापाशी. घरी खुर्चीवर उशी ठेवून बसायला लागली. विचारलं तर म्हणे, "मावशींनी सांगितलंय, गुडघ्यापेक्षा कंबर वर ठेव." मी तिच्यासाठी एकतीस कलमांची यादी केली होती. त्यात ही उशी नव्हती. नातेवाईक म्हणत होते नगरला मोठ्या दवाखान्यात न्या. प्राजक्ता म्हणाली, "इथेच. डॉक्टर मॅडम आहेत, मावशी आहेत."

"मी पण आहे," मी म्हटलं.

"तू तर आहेसच गं."

जुलैतला सोमवार होता. सकाळी कळा सुरू झाल्या, अकराला पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं. मी तिला टेबलावर घेतलं. माझी मुलगी, माझं टेबल, सगळं हाताशी, सगळं यादीप्रमाणे. बाळ डोक्याकडून होतं, पण त्याची पाठ आईच्या पाठीला लागलेली, तोंड पोटाकडे. असं बाळ कण्याला रेटत राहतं आणि वळायला वेळ लावतं. सव्वा तास झाला. डोकं तिथेच. प्राजक्ता कंबर धरून रडत होती. ठोके अजून चांगले होते. डॉक्टर मॅडमनी घड्याळ पाहिलं. "सिस्टर, अजून अर्धा तास बघू. मी गाडीला फोन करून ठेवते. नगरला न्यावं लागेल." मग हळूच म्हणाल्या, "मावशींना बोलवायचं का?"

मी म्हटलं, "त्यांची ड्युटी इथे नाही."

"आई," प्राजक्ता म्हणाली, "मावशींना बोलाव."

मी उठले. प्रसूतिगृहापासून ओपीडीपर्यंत बावन्न पावलं आहेत. कलाबाई केसपेपर लावत बसल्या होत्या. मी म्हटलं, "कलाबाई, या जरा." त्यांनी हातातले कागद सारखे करून ठेवले. "आले."

आत येऊन त्यांनी पदर कमरेला खोचला. टेबलापाशी वाकून प्राजक्ताला विचारलं, "वझं कुन्या अंगाला लागतंय गं, बाय?"

"मागे. डावीकडे."

"मग चल, त्याला वाट करून देऊ. ए सुनंदा, आधी साखरपानी पाज तिला. शिस्टर, बीपी बघा."

शोभानंतर त्या एवढं शिकल्या होत्या. बीपी ठीक होतं. प्राजक्ता खाली उतरली. टेबलावर चढायची पायरी कलाबाईंनी पायाने ओढून घेतली आणि प्राजक्ताचा एक पाय तिच्यावर ठेवला. "कळ आली की गुडघ्याकडं झुक. फळीवर चढल्यागत. मोळी डोक्यावर न्हाई, पोटात हाय एवढाच फरक." चार कळा एका पायावर, चार दुसऱ्या. डॉक्टर मॅडम दर कळेनंतर ठोके ऐकत होत्या. नवव्या कळेला प्राजक्ता ओरडली, "वळलं! मावशी, आत काहीतरी वळलं!"

"वळनारच की. त्याला काय कळत न्हाई व्हय? आता गुडघं आत घे, टाचा बाहिर. अन् लटक माझ्या गळ्याला. सगळं वझं टाक. म्या पडत न्हाई."

प्राजक्ता त्यांच्या गळ्याला लटकली. आता बाळ झेलायला कुणीतरी खाली बसायला हवं होतं. हातमोजे घालून मी फरशीवर बसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिथून मला कलाबाईंची फक्त पावलं दिसत होती, भेगाळलेली, बोटं पसरलेली. माझ्या मुलीचं सगळं वजन त्या दोन पावलांवर होतं आणि ती जागची हलली नाहीत. दहा मिनिटांत नात माझ्या हातांत आली. मी वर पाहिलं. प्राजक्ताचे हात अजून त्यांच्या गळ्यात होते आणि ती "मावशी, मावशी" म्हणत हसत होती. नातीचा चेहरा बघायच्या आधी मी ते पाहिलं.

कलाबाई भिंतीला टेकून घसरत खाली बसल्या. घामाने भिजल्या होत्या. "किती वझं हाय नातीचं, शिस्टर?"

"दोन किलो नऊशे."

"मग धरा नीट. दोनी अंगांनी."

त्या दिवशी शोभाचा विषय त्या एवढाच बोलल्या असतील, किंवा बोलल्याही नसतील. मी विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये कंत्राटं नव्याने करायची वेळ आली. ज्यांच्या फायलीत काही कागद होता त्यांची नावं यादीतून गळाली. कारकुनाने कलाबाईंना तो कागद दाखवला. कपाटाची किल्ली परत द्यायला त्या माझ्याकडे आल्या.

"बघितला कागद. अक्षर लई सुबक हाय तुमचं, शिस्टर. एक बी खाडाखोड न्हाई."

मी किल्ली रजिस्टरमध्ये नोंदवत होते.

"सगळं खरंच हाय म्हना. पडली हुती ती." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "पर्स उजव्या खांद्याला घ्यायला लागला, व्हय. ब्येस केलं."

आणि गेल्या.

आता प्रसूतिगृहात मी टेबलाआधी पायरी ओढते. नव्या नर्सांना बुडाखाली हात धरून उभं करते, त्या हसतात, मग गुडघे आत-बाहेर करून बघतात. बाहेर त्या म्हणतात, ही आमच्या सिस्टरांची पद्धत. मी कधी दुरुस्त करते, कधी करत नाही. नात पालथी पडायला लागली आहे. प्राजक्ता तिचे फोटो कलाबाईंना पाठवते, फोनवर तास तास बोलते. मी स्वयंपाकघरातून ऐकते.

तिच्याकडूनच कळलं की या हंगामात कलाबाई लेक-जावयाच्या टोळीबरोबर परत इकडेच आल्या आहेत. गेल्या आठवड्यात कामावर येताना माझी स्कूटी एका ट्रॉलीमागे थांबली. ट्रॉलीला फळी लावली होती. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई चढत होती, एक पाय वर, एक खाली. मी पावलांवरून ओळखलं. पन्नाशी उलटून गेली आहे त्यांची. फळी वाकत होती. वर पोचून मोळी टाकल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. त्यांनी मला पाहिलं नाही. मी हॉर्न वाजवला नाही, हाकही मारली नाही.

डॉक्टर मॅडमना मी आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या कागदाला कुणाचा लेखी खुलासा जोडला तर नाव परत घालता येईल. यादी या महिनाअखेर जाते."

आज डिसेंबर, एकोणीस तारीख, शनिवार. हजर: मी. वहीतली आजची कामं: एक, लसींच्या फ्रिजचं तापमान, झालं. दोन, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलणे, झालं. तीन, टेबलाच्या पायरीला खाली नवं रबर, झालं. चार, कलाबाईंच्या फायलीत खुलासा.

खुलासा मोठा नाही. सहा शब्दांचा आहे: डाव्या बाजूला मी होते, मी सोडलं. मी तो वहीत लिहून पाहिला आहे, सुबक अक्षरात, खाडाखोड नाही. कार्यालयाच्या कागदावर अजून लिहिलेला नाही. चौथं काम उद्याच्या पानावर घेतलं आहे.